आवाज सोडून बाकी सर्व माझे

मी, येसाजी चांगू उतेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय चित्रपटात मारणे व मार खाणे, राहणार कापडे, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भरीस पाडल्याने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने करून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. गुडघे गेले आहेत, पण त्यांचे इथे काही काम नाही. मजकूर मी सांगितला व नात समीक्षा हिने लिहिला. तो वाचून दाखवायची वेळ आली तर समीक्षानेच वाचावा. दुसऱ्या कोणी वाचू नये. कोणी, ते पुढे येईल.

१. कापडे येथील राहते घर परड्यासह पत्नी रखमा हिचे, तिच्या हयातीपर्यंत. तिच्या पश्चात मुलगा दीपेश याचे. दीपेशने घरात चकचकीत लाद्या बसवू नयेत. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने रखमाची नजर गेली. ती पायाने जमीन ओळखून चालते. ओटीवरून चुलीपर्यंत तिला कोणाचा हात लागत नाही, तो लाद्यांमुळे लागायला नको.

२. नदीकडची भाताची खाचरे दीपेशला. बँकेत जे असेल ते रखमाला, कागद तिच्या ट्रंकेत आहेत.

३. पत्र्याच्या पेटीतील मिशा सहा, चाबूक एक, लाकडी तलवार एक व फौजदाराचा पट्टा समीक्षाला. उजव्या भुवईवरचा कोयत्याचा व्रण कोणाला देता येत नाही. मुंबईत स्टुडिओत फळ्या वाहत होतो, तेव्हा एका दिग्दर्शकाने तो व्रण पाहिला आणि म्हणाला, "ह्याला डाकूच्या मागे उभा करा." त्या व्रणावर मी अडतीस चित्रपट केले. पुढे डाकूही झालो, सावकार झालो, चार वेळा पाटील झालो.

४. हैबती बाळाजी शेडगे, राहणार नाते, तालुका महाड, हा माझा सख्खा मावसभाऊ. त्याला माझ्या इस्टेटीतील काडीही मिळू नये. कारण लिहितो.

माझे अंग रेड्याचे आणि आवाज शेरडाचा. दुसऱ्या चित्रपटात मी धमकी दिली आणि लाईटवाले हसले. दिग्दर्शक म्हणाला, आवाज दुसऱ्याचा घालू. मुंबईत आम्ही गावकीच्या, म्हणजे गावाने मिळून घेतलेल्या खोलीत एकोणीस जण राहत होतो. तिथला रिवाज असा, की कामाची खबर लागली तर आधी आपल्या माणसाला न्यायचे. हैबती बेकार होता, मास्तरांचा मुलगा, बोलणे खणखणीत. मीच त्याला हाताला धरून नेला. ती माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही.

काळोख्या खोलीत पडद्यावर माझे तोंड हलायचे आणि हा माईकसमोर हात मागे बांधून बोलायचा. मी मागच्या बाकावर बसून बघायचो. एकतीस चित्रपटांत मी त्याच्या आवाजात बोललो. उरलेल्या सातांत मी मुका, बेशुद्ध किंवा मेलेला आहे.

त्याच्या आवाजातला पहिला चित्रपट महाडला लागला तेव्हा रखमाला घेऊन गेलो. परतताना एस.टी.त ती म्हणाली, "आवाज काय भारी लागलाय गो बाई." बाजूच्या बाईला म्हणाली, मला नव्हे. त्या दिवसापासून मी घरात कमी बोलू लागलो. गेल्या साली महाडला माझा सत्कार झाला. लोक म्हणाले, डायलॉग मारा. मी मारला. मग कोणीतरी पाचव्या रांगेतून हैबतीला उठवले. त्याने तोच डायलॉग मारला आणि टाळ्या थांबेनात. शाल माझ्या अंगावर होती. माझा जळफळाट झाला, आजही होतो, आणि हे मी पूर्ण शुद्धीवर लिहून देतो.

५. ~~रखमाला आता दिसत नाही, फक्त ऐकू येते. रोज संध्याकाळी ती समीक्षाला सांगून माझा एखादा चित्रपट लावते. म्हणजे माझा चेहरा गेला आणि हैबती तेवढा उरला. मी मेल्यावर हा माणूस माझ्या घरात, माझ्या बायकोच्या कानाशी रोज बोलत राहील, हे मला सहन होणार नाही. सबब माझ्या पश्चात माझा एकही चित्रपट या घरात लावू नये.~~

कलम पाच मीच खोडले आहे, बाजूला माझी सही आहे. खोडलेले पुसू नये. समीक्षा हे कलम वाचून दाखवत असताना रखमा ओटीवर तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून ती जे बोलली ते जसेच्या तसे लिहितो:

"मी काय भावोजींसाठी लावते व्हय? शिनुमा लागला का तुम्ही बाजूला येऊन बसता नि त्यांना शिव्या घालता. हितं मी असं बोललो होतो, हितं ह्यानं घाण केली. एरवी दिवसभर तुमच्या तोंडातनं शब्द निघत नाय. त्या शिव्या ऐकायला लावते मी. दुसरं काय हाय माझ्याकडं तुमचं?"

चाळीस वर्षे मी त्या बाईसमोर तोंड मिटून बसलो.

६. सबब कलम पाचऐवजी असे. चित्रपट लावायचा, मी बाजूला बसून बोलायचे आणि समीक्षाने दोन्ही आवाज मोबाईलवर घ्यायचे. ही सर्व ध्वनिमुद्रणे एकट्या रखमाची. आजपर्यंत अकरा झाली, वीस राहिली. ती पूर्ण केल्याशिवाय मरायचा माझा विचार नाही, तरी त्याआधी काही झाल्यास दीपेशने कामावर रजा टाकून तिच्याशेजारी बसावे व हैबतीकाकाला शिव्या घालाव्यात. त्याचा आवाज माझ्यावर गेला आहे.

७. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, पुढे भानगड होते. म्हणून हैबतीला मुद्दाम साक्षीदार केले आहे.

ठिकाण: कापडे, ता. पोलादपूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

सही: येसाजी चांगू उतेकर

साक्षीदार १: डॉ. निशा बुद्धरत्न साळवी, पोलादपूर. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: हैबती बाळाजी शेडगे, नाते. सही माझ्यासमोर झाली. मजकूर मनात वाचला. मोठ्याने वाचायला मनाई होती.

वरील शेरा पाहिला. मनातसुद्धा तो माझ्याहून चांगलाच वाचत असणार. — ये. चां. उ.