बिनफवारणीच्या चार सऱ्या

पेठ वडगाव
४ ऑक्टोबर २०२५

चि. अनुजास,
मामाचे अ. उ. आ.

फोन केला असता तर तोंडातून वंगाळ गेलं असतं, म्हणून कागद घेतलाय. तुमच्या सह्यपठार कृषी विद्यापीठाची बटाट्याची पुस्तिका आली. पान सातवर माझा फोटो आणि खाली, ‘या वाणाला करप्याची फवारणी लागत नाही. अनुभव : बाळासो चौगुले.’ कसला अनुभव? मला इचारलं कुणी?

जेवताना मोठ्यानं वाचलं, तर तुझ्या मामीचा घास हातातच राहिला. वाण औषधाविना टिकतो का बघायला तू चार सऱ्या बिनफवारणीच्या ठेवल्या होत्यास. त्या तिनं फवारल्यात. एकदा न्हाय, तीनदा. डोकंच फिरलं माझं. तिच्यावर ओरडून झालं, आता तुझ्यावर ओरडतोय. दिवाळी झाली की लावण हाय, आणि माझा फोटो बघून शेजारच्या पिराजीनं औषध घ्यायचं रद्द केलंय. त्याचं पीक करपलं तर मी गावात तोंड कुठं दाखवू? पुस्तिका मागं घ्या.

तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस, तिचा रक्तदाब वाढतो. जीव लावतेस तसाच लावत जा.

तुझा,
बाळासोमामा


राजारामपुरी, कोल्हापूर
९ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी मामीचाच राग आला. दोन वर्षं राबलेय मी या प्रयोगासाठी, आणि त्या सऱ्यांना हात लावू नका म्हणून किती बजावलं होतं. मग आठवलं, बजावलं ते तुम्हाला. अकरा खेपा घातल्या, दरवेळी मामीच्या हातचं जेवले, पण शेतात दिवसभर तीच असते हे ठाऊक असून तिच्याशी एक शब्द बोलले नाही. चूक माझी आहे.

काल आमच्या विभागप्रमुख सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, पुस्तिका चाळीस गावांत गेली, आता बायकांच्या सांगण्यावरून संशोधन फिरवायचं का? मी हटेना, तेव्हा हसून म्हणाले, ‘मग त्यांच्याच सहीनिशी लिहून आण.’ येणार नाही अशी खात्री आहे त्यांना, कारण प्रयोग बिघडवणाऱ्या घराला पुन्हा विद्यापीठाचं बियाणं मिळत नाही. माझीही नोकरी राहील असं वाटत नाही. तरी मला ते लिहून हवंय. तुम्ही ठरवू नका, मामीलाच विचारा.

राग ओसरला की दोन ओळी धाडा.

आपली,
अनुजा


पेठ वडगाव
१४ ऑक्टोबर २०२५

चि. अनुजास,
मामीचा आशीर्वाद.

मामा सांगत्याल तसं लिहायचं न्हाय, म्हणून माझं मीच लिहितेय. सरास्नी दाखव.

पौषात धुकं पडलं, पानांवर काळं डाग आलं, तवा मी त्या चार सऱ्या तीन येळा फवारल्या. शेजारच्या सरीला औषध द्यायचं आन हिला मरू द्यायचं, हे मला जमलं न्हाय. कशापायी ठेवल्यात ते कुनी सांगितलं न्हाय. एकदा तर पंप माझ्या पाठीवर असतानाच तुमची मानसं आली. बाजूला व्हा मावशी, फोटूत येताय, म्हनाली. म्या बाजूला झाले.

सर म्हनं बायकांच्या सांगण्यावर संशोधन फिरत न्हाय. बायकांच्या हातानं ते आधीच फिरलंय की.

पिराजीला मी घरी जाऊन सांगितलंय, औषध घेऊन ठेव म्हणून. बाकीच्या गावांस्नी तुम्ही सांगा. बियाणं नको आम्हांला. माझी सही केलीया आन खाली जागा सोडलीया. तिथं तुझी सही कर.

झुंबरबाई बाळासो चौगुले