उजवं कव्हर

४ नोव्हेंबर, मंगळवार

"चाक शिवजो तू, चाकापाशी येऊ नको." लग्नाला महिना झाला होता तेव्हा मामाजी, माझे सासरे, म्हणाले होते. ते वाक्य आज सकाळपासून डोक्यात आहे, कारण आज मामाजी घरी नाहीत! मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सेवाग्रामला गेले. नंतर महिनाभर डोळ्यांत धूळ जाता कामा नये, म्हणून वर्ध्याला लेकीकडे, जयवंताताईंकडे राहणार. महिनाभर पॉलिशचं दुकान बंद. किल्ली माझ्याकडे.

बावीस वर्षं त्यांच्यासाठी बफ शिवते आहे. सुती मांजरपाटाच्या थाळीएवढ्या चकत्या कापायच्या, चाळीस एकावर एक ठेवायच्या, मधोमध भोक, आणि मशीनवर गोल गोल टाके. ते चाक मोटरला लागलं की मोटारसायकलचं काळं पडलेलं अ‍ॅल्युमिनियम आरशासारखं निघतं. चाकं माझी. आरसा त्यांचा.

६ नोव्हेंबर

ऑपरेशन छान झालं! फोनवर मामाजी म्हणतात, "पोरी, जयवंताच्या भिंतीले किती भेगा हायेत!" मागून ताईंचा आवाज — "आता घर पाहाले बसले माहं!"

७ नोव्हेंबर

सिंदीचे प्रेमदास पोतं घेऊन आले. त्यांच्या जुन्या राजदूत मोटारसायकलचे भाग. दोन्ही चाकांचे हब आणि इंजिनची दोन कव्हरं, उजवं आणि डावं. "एकवीस डिसेंबरले नागपूरले जुन्या गाड्यांचं प्रदर्शन हाये, वहिनी. रूपरावभाऊच्या हातचंच पायजे."

मी म्हटलं, "होईल." हात मामाजींचा की कोणाचा, ते बोलले नाही.

आता लिहूनच टाकते. दोन वर्षांपासून मामाजींना रेघा दिसत नाहीत. काचपेपरने घासल्यावर ज्या बारीक रेघा उरतात त्या चाकाने घालवायच्या असतात. त्यांना वाटतं गेल्या, पण उन्हात धरलं की सगळ्या तिथेच. एखादी वस्तू दुकानात मुक्कामाला राहिली, की दुसऱ्या दिवशी ते दुपारी झोपल्यावर मी ती हाताने घासते. दोन हजार नंबरचा पेपर, पाणी, मग कापसाच्या बोळ्याने पॉलिश. ज्या गिऱ्हाइकाने त्याच दिवशी नेलं, त्याचं तसंच गेलं. मामाजींना सांगायची हिंमत झाली नाही. ह्यांनाही सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर

आज मोटर सुरू केली!!

बांगड्या काढून डब्यात ठेवल्या. ह्यांचा जुना फुल शर्ट, डोक्याला फडकं घट्ट. आधी भंगारातलं एक फुटकं कव्हर घेतलं. धरलं, आणि चाकाने ते हातातून हिसकावून भिंतीवर फेकलं! पाच मिनिटं खाली बसून राहिले. मग आठवलं — मामाजी चाकाच्या खालच्या अंगाला धरतात, वरच्या नाही. बावीस वर्षं दारातून पाहिलेलं आहे, ते कुठे जाणार?

दुसऱ्यांदा धरलं. आधी काळा चिखल निघाला, मग राखाडी, आणि मग एका बोटाएवढ्या जागेत माझं नाक दिसलं. माझंच नाक! एकटीच मोठ्याने हसले.

संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "कानात काय कोळसा भरला काय?"

१८ नोव्हेंबर

मूर्खपणा केला. दोन्ही हब झाले म्हणून हवेत होते. मांजरपाट संपला, नवा आणायला कोण जाणार, म्हणून ह्यांच्या जुन्या पँटच्या कापडाच्या तीन चकत्या बफमध्ये घातल्या. नेहमी दोरा जाळून पाहते. सुताची राख होते, टेरिकॉटची गोळी होते. आज पाहिलं नाही. मला काय कापड कळत नाही का, असं वाटलं.

उजवं कव्हर चाकावर गरम झालं आणि टेरिकॉट वितळून त्यावर चिकटलं. काळे, डांबरासारखे ओरखडे! प्रेमदासचं कव्हर! दुपारभर चारशेच्या पेपरने पुन्हा पहिल्यापासून घासत बसले. बोटांची टोकं सोलली. शिवणारीनंच कापडात मार खाल्ला! मामाजी असते तर काय बोलले असते, ते मीच मला दहादा बोलून घेतलं.

१९ नोव्हेंबर

नवा मांजरपाट आणला. दोरा जाळला. दोनदा.

२६ नोव्हेंबर

उजवं कव्हर झालं. झालं! चारशे, आठशे, बाराशे, दोन हजार, मग चाकाला लावायचा पॉलिशचा तपकिरी साबण, मग पांढरा, शेवटी खडूची पूड लावून मऊ फडक्याने पुसलं. दारात नेऊन उन्हात धरलं. एक रेघ नाही! त्यात आमचं दार, दारातला कडुलिंब, वर आभाळ, सगळं वाकून आत बसलं होतं.

मला राहवेना, तसं ह्यांना सांगितलंच. सगळं सांगितलं, दोन वर्षांचंही. कव्हर हातात घेऊन केस विंचरले त्यांनी! मग कव्हर खाली ठेवलं. म्हणाले, "बाबाले आता दिसते, हे ध्यानात घेजो."

घेतलं आहे. म्हणून तर डावं अजून धरलेलं नाही. मला ते चाक हवं आहे, पण चोरून नको. मामाजींनी उजवं बघून म्हणावं, 'डावंही तूच कर.' एवढंच. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने एवढ्यासाठी दिवस मोजावेत!

५ डिसेंबर

डॉक्टरांनी धुळीची मोकळीक दिली. उद्या येतात! पुरणाचा घाट घालू का? नको. लाच दिल्यासारखं दिसेल.

६ डिसेंबर

आले. चपला काढायच्या आधीच दुकानात शिरले. मी कव्हर हातात दिलं.

"हे कोनं केलं?"

"मी."

दाराशी गेले. उन्हात फिरवलं. पलटून पाहिलं. स्क्रूच्या भोकांवरून अंगठा फिरवला; तिथल्या कडा चाक चटकन झिजवतं.

"भोकाच्या कडा नाई खाल्ल्या तू. मी पहिल्या वर्षी सगळ्या खाल्ल्या होत्या."

बस. मग चहा मागितला. मी स्वयंपाकघरात येऊन साखर दोनदा टाकली, आणि तो चहाही ते तसाच प्यायले!

७ डिसेंबर, रविवार

सकाळी चष्मा लावून बाहेर पडले ते दुपारी दोनला आले. आज बाजार. नत्थू चहावाल्याने मला सांगितलं, "रूपरावकाका पार्किंगमधी एकेका गाडीपाशी वाकून पाहून राह्यले होते. एका पोट्ट्याले वाटलं पेट्रोल चोरतात!"

मी हसले. मग हसू गेलं. आमच्या पुलगावातल्या अर्ध्या जुन्या गाड्या मामाजींच्या हातच्या आहेत.

जेवले नाहीत.

८ डिसेंबर

आज बोलले. मी मशीनवर बसले होते, ते समोर येऊन बाजेवर बसले.

"काल एकोणीस गाड्या पाहिल्या. माह्या हातच्या. अकरावर रेघाच रेघा, शेतात वखर फिरवल्यावानी. आठ गाड्या आरसा, तुह्या कव्हरावानी. एकच मानूस असं कसं करीन?"

मी मशीन थांबवली.

"ज्या आठ चांगल्या त्या तुह्या. खराब त्या माह्या. बरोबर?"

"मामाजी, तुम्हाला दिसत नव्हतं..."

"लोकायले तं दिसत होतं! एक जन नाई बोलला. तू बी नाई."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग माझ्यासमोरच प्रेमदासला फोन लावला. "तुह्यं काम माह्या सुनेनं केलं. माह्या हातचं नाई. माह्यापेक्षा चांगलं हाये. नेतो तं ने." तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे. फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. "चाक तुह्यं आता. मी नाई लावत हात."

आणि जाऊन पडले. भिंतीकडे तोंड करून.

मिळालं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. हे बाहेरून आले, पेढे आणू का म्हणाले. मी नको म्हटलं.

१० डिसेंबर

दोन दिवस झाले, डावं कव्हर काळंच पडून आहे. करायला एक दिवस पुरेल मला. मोटर सुरू करते आणि बंद करते. मामाजी दुकानाकडे फिरकत नाहीत. अंगणातल्या कडुलिंबाखाली बसतात, चष्मा काढून.

उद्या चहा देताना विचारणार आहे. नाहीच म्हणतील, मला माहीत आहे. एकदा बोललं की फिरत नाहीत ते. तरी विचारणार —

मामाजी, डावं कव्हर तुम्ही करा. पेपर मी देत राहीन.