म्हातारीसकट घर विकणे आहे

दलालांचा कायदा करणाऱ्या साहेबांना एका भाडेकरू म्हातारीचा नमस्कार.

मला लिहिता येत नाही, शेजारची शिंपीण लिहून घेतेय. घरांच्या दलालांसाठी वेगळा कायदा हवा का, असं तुम्ही लोकांना विचारताय म्हणे. हवा, साहेब. मी जिवंत आहे तोवर मालकाला मला काढता येत नाही, म्हणून त्यानं घर माझ्यासकट विकायला काढलंय. गिऱ्हाइकं भिंतींआधी मला न्याहाळतात. दलाल त्यांना दारातच सांगतो, "म्हातारीचं आता काही खरं नाही." मग आत येऊन माझ्या कानात म्हणतो, "आई, जरा खोक ना."

हो, दलाल म्हणजे माझाच धाकटा. परवा मी इतकं झकास खोकले, की गिऱ्हाईकच पाणी घेऊन धावलं.

अशांचा परवाना काढून घ्या, असं सांगणार होते. शिंपीण म्हणाली, "आजी, मग तो इकडे येईल कशाला?" खरंय. गिऱ्हाईक नसलं की तो फिरकतही नाही. म्हणून हे पत्र टाकू नको, असं तिला बजावलंय.

उद्या पुन्हा गिऱ्हाईक येणार आहे. कंटाळा आलाय, पण ताठ चालून सगळ्यांना चहा करून देईन. घर खपलं, तर तो पुन्हा यायचा नाही.

आपली,
दमलेली पण ठणठणीत म्हातारी