पहिला अंगठा माझा

१ डिसेंबर, सोमवार
आमच्या सेमारांग शहराच्या रस्त्यावर पुन्हा समुद्राचं पाणी. माझी नात वेनिंग त्या पाण्यात भाड्याची गाडी घालेना, म्हणून भाडी देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी तिचं खातं बंद केलं. विचारणं नाही, सांगणं नाही. थू! माशी हाकलतानाही माणूस आधी बघतो.
आता ती घरी बसून माझी रोजनिशी लिहिते. मी सांगते, ती लिहिते, खाली माझा अंगठा. नंतर फेरफार नको.

३ डिसेंबर
कंपनी म्हणे नवे नियम चालकांना विचारून करणार. शनिवारी सभा. माझ्या भज्यांच्या टपरीवर बसणारे पंधराही चालक हरखले. तुकीमान म्हणाला, आजी, तुम्हीच पुढे व्हा, साहेब दिसला की आमची बोबडी वळते. ठरवलं. पुरात न गेल्याची शिक्षा बंद, वेनिंगचं खातं चालू. तोवर त्यांच्या चहालाही शिवणार नाही.

६ डिसेंबर, संध्याकाळ
चहा घेतला. एकच.
दारातच हजेरीचा कागद. सही केली की खाऊचा डबा. वयाने मोठी, म्हणून पहिला मान माझा. वेनिंग म्हणाली, थांब आजी, चार पानं आहेत, वाचू दे. मी दटावलं, यजमानाच्या दारात कागद वाचतेस? ताटातला भातही हुंगून बघशील! अंगठा ठोकला. मोठ्यांनी केल्यावर मागच्यांनी नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. सगळ्यांनी सह्या केल्या.
बोलायला उठले, तेवढ्यात कंपनीवाल्यांनी माझा फोटो काढला. मग बसले. डब्यातली टेंपेची, आंबवलेल्या सोयाबीनची, भजी मेणासारखी. दोन खाल्ली. सभा आपणच जिंकली.

११ डिसेंबर
नियम आले. तुकीमानने वाचले. पुरात नकार दिला तरी खातं बंद, चालकांच्या संमतीने. शेवटच्या पानावर सह्या, सगळ्यात वर माझा अंगठा. शी! खाऊ घालून गळा कापणारी जात. तुकीमान म्हणाला, आजी, तुमच्या मागे डोळे मिटून आलो. मी म्हटलं, मिटायला कोणी सांगितलं होतं?

१२ डिसेंबर
सगळे समोरच्या टपरीवर. तिथली भजी तेलकट. चार दिवसांत पोटं बिघडून परत येतील.
वेनिंगचं खातं बंदच. तिने शाईची डबी पुढे सरकवली.
मी म्हटलं, आधी वाचून दाखव.
तिने एक तारखेपासून वाचलं. एक शब्दही फिरवलेला नव्हता. सगळं मीच बोलले होते.