कचरा नव्हता तो

प्रिय टापटीपराव,

फोनवर तू नुसतं ‘हो आई, हो आई’ करतोस आणि मधेच दुसऱ्याशी बोलायला लागतोस, म्हणून लिहिते. पत्राला मधे तोडता येत नाही.

रविवारी मी देवळातून येईपर्यंत तू परसाचं जे केलंस, ते बघून हातातली पिशवीच गळून पडली. थंडीभर मी वाळकी पानं झाडत नाही, हे शेजारणीलाही ठाऊक आहे. पोकळ काड्यांत रानमाश्या झोपलेल्या असतात, पानांखाली फुलपाखरांचे कोश. ऊन चढायला लागलं, पांगारा लाल झाला, की सगळे आपणहून उठतात; मगच मी झाडू हातात घेते. तू सगळं गोणीत कोंबून फाटकाशी ठेवलंस आणि वर म्हणालास, बघ कसं स्वच्छ दिसतंय. स्वच्छ? बोडकं दिसतंय रे!

आणि कपड्यांच्या तारेवरून काठीने ओढून पाडलेला तो ‘कचरा’! शिंजिराचा, फुलांतला मध पिणाऱ्या त्या इवल्या पाखराचा, खोपा होता तो. कोळ्याची जाळी, साली, सुकली पानं. कुणाला घर वाटूच नये, म्हणून तर मादी तसं बांधते. अंगठ्याएवढी ती, पण काडी वाया घालवत नाही, माझ्याहून काटकसरी. नर नुसता जांभळा चमकत फांदीवर गात बसतो. तुझे बाबा म्हणायचे, हा माझाच भाऊ दिसतो. मी गोणी उपसली. खोप्यातली अंडी फुटली होती. मादी दिवसभर रिकाम्या तारेभोवती भिरभिरत राहिली. संध्याकाळी दिवा लावताना देवाकडे मान वर करून बघवेना.

आता मुद्द्याचं. घर बघायला गिऱ्हाईक येणार, म्हणून ही साफसफाई, हे मला शेजारणीकडून कळलं. मी तुझ्याकडे राहायला येणार, हेसुद्धा तिच्याकडूनच. पोटच्या पोरानं मला विचारूही नये? तर ऐक. शिंजिरानं पुन्हा बांधायला घेतलंय, आपल्या पुढच्या दाराच्या कडीला. ते दार मी बंद ठेवलंय. गिऱ्हाइकाला कळव, दार उघडणार नाही. पिल्लं उडून गेली तरी नाही. तू मात्र ये. मागच्या दाराने ये, आणि जपून. गोणीतली पानं मी परत पसरली आहेत, त्यांवर पाय देऊ नकोस.

तुझीच, अजून याच घरात राहणारी,
आई