खालच्या पायरीची गोष्ट

आबा, विहिरीवरची पाटी परवा काढली. दोन्ही लोखंडी खांब कापले आणि ट्रॉलीत टाकून नेली. अक्षरं गंजून कधीच गेली होती, पण झाडून झालं की तुम्ही जिथे हात टेकवायचा तेवढा पत्रा अजून गुळगुळीत होता. आता तिथे काळ्या दगडाची नवी पाटी येणार, दिवे येणार, तिकिटाची खिडकी येणार. पंचायतीतला एक तरुण सदस्य घरी आला आणि म्हणाला, "काका, मागचा मजकूर तुमचाच हुता म्हणं. ह्यो बी तुमीच लिवा की." कोरे कागद ठेवून गेला. त्याच कागदावर हे तुम्हाला लिहितो आहे.

कविता मला शाळेनं लावल्या, पण ऐकल्या तुम्ही. विहिरीच्या पायऱ्या झाडून तुम्ही घरी यायचा, पाय धुवायचा, आणि ताटावर बसल्या बसल्या विचारायचा, "आज कंची?" मी चुलीजवळ उभा राहून शाळेत पाठ झालेली कविता म्हणायचो. निम्मे शब्द तुमच्या ओळखीचे नसायचे. तरी म्हणायचा, "पुन्यांदा म्हण." आई तव्यावरून मान वर करून म्हणायची, "भाकरी गार झाली तुमच्या कवितंपायी." आणि तुम्ही म्हणायचा, "गार भाकरी काय कडू लागती व्हय?" त्या स्वयंपाकघरात धुरानं डोळे चुरचुरताहेत, मी अजून तिसरं कडवं म्हणतो आहे, आणि तुमचा घास हातातच थांबलेला आहे. पुढे आयुष्यात माझं एवढं कुणी ऐकलं नाही.

मग मी तालुक्याच्या कचेरीत कारकून झालो. त्या वर्षांत राज्यभर नव्या नव्या जागा पर्यटनासाठी खुल्या होत होत्या. रविवारच्या पेपरात कुठे धबधब्याला कठडा बांधल्याची बातमी असायची, कुठे तळ्यात होड्या सोडल्याची, कुठे गडावर बाग केल्याची. शाहूवाडीच्या डोंगरातल्या आपल्या विहिरीचंही यादीत नाव आलं. साहेब म्हणाले, "तुमचं मराठी चांगलं आहे, पाटीचा मजकूर तुम्हीच लिहा." घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही चप्पल न घालताच गावात सांगायला निघालात. "माझी गोष्ट आता पोरगं लिवणार!"

तुमची गोष्ट म्हणजे त्या अगदी खालच्या, उन्हाळ्यातच उघड्या पडणाऱ्या पायरीची. बाकीच्या सगळ्या पायऱ्या घासूनपुसून घडवलेल्या, ती मात्र खडबडीत. येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही खाली न्यायचा. "हात लावून बघा पावणं. पाथरवट हितं दगूड फोडत हुता, तेवढ्यात पाणी लागलं. छिन्नी टाकली, वंजळ भरली, आणि पायरी तशीच ऱ्हायली. त्येची तहान लागती बघा हाताला." मी लिहायला बसलो तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसलात. "ह्यात घोडा घालू नगं. घोडा लोकांनी मागनं घातलाय. आणि गडी डावरा हुता, तेवढं लिव. घाव उलट्या अंगाचं हाईत, बघितलंस न्हवं?" मी हो हो म्हणत होतो. माझं लक्ष कागदाकडे होतं.

उद्घाटन झालं, फीत कापली, मंडपातली माणसं जेवायला उठली. तुम्ही माझं मनगट धरून मला पाटीपुढे नेलंत आणि डोक्यावरची टोपी काढलीत. "वाच." तुम्हाला अक्षरओळख नव्हती, आणि पाटीवर काय होतं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. 'निसर्गरम्य परिसरात वसलेली सदर विहीर स्थापत्यकलेचा नयनमनोहर नमुना असून' अशा सात ओळी होत्या. मी त्या ओळींवर डोळे ठेवले आणि तुमची गोष्ट म्हटली. पाथरवट, छिन्नी, ओंजळ. एकेका ओळीवरून बोटही फिरवलं.

"डावरा लिवलंयस?"

"लिहिलंय, आबा."

तुम्ही पाटीवर हात टेकवलात. सत्तरी ओलांडलेला माणूस लहान पोरासारखा हसत होता.

पुढे महिनाभर तुम्ही गोष्ट सांगून झाली की पाहुण्यांना पाटी दाखवायचा. "माझं खोटं वाटत आसंल तर हितं वाचा. सरकारनं लिवलंय." मेमधल्या एका रविवारी मीही तिथे होतो. कोल्हापूरहून व्हॅनमधून एक कुटुंब आलं होतं. त्यातली दहा-बारा वर्षांची मुलगी मोठ्यानं पाटी वाचत गेली, शेवटपर्यंत. मग म्हणाली, "आजोबा, यात पाथरवट कुठंय?" तिचा बाप हसला. "आजोबा, लई भारी फेकता की!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खाली बघितलं. एवढंच बघितलंत आणि त्या मुलीला म्हणालात, "बरुबर हाय बाळ. म्हातारा झालो, माझंच डोस्कं इसराळू झालंय."

घरी येताना मी म्हणालो, "साहेबांनी तेवढं खोडलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून वाचून दाखवलं." तुम्ही बांधावरून पुढे चालत होता. मागे न बघता म्हणालात, "आसू दे. साहेबास्नी काय म्हाईत."

त्यानंतर तुम्ही ती गोष्ट कुणालाही सांगितली नाहीत. झाडत राहिलात. कुणी विचारलंच तर केरसुणीनं पाटी दाखवायचा. घरात "आज कंची?" हेही बंद झालं. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

काल नव्या पाटीचा मजकूर लिहायला बसलो. या वेळी तुमचीच गोष्ट, तुमच्याच शब्दांत, असं ठरवून बसलो. पाणी लागलं, छिन्नी टाकली, ओंजळ भरली, इथपर्यंत आलो आणि अडलो. ती पहिली ओंजळ तो स्वतः प्यायला नव्हता. कुणाला तरी दिली होती, आणि ते सांगताना तुमचा आवाज बारीक व्हायचा. कुणाला, ते मला आठवत नाही. गावात चार म्हाताऱ्यांना विचारून आलो. त्यांनाही नाही.

हा कागद तुमच्या टोपीच्या घडीत ठेवून देईन. पंचायतीला काय द्यायचं ते अजून कळलेलं नाही. पण एक सांगायचं राहिलं आहे. त्या पाटीवर खाली चार ओळींची जागा मोकळी होती. साहेबांनी काहीच खोडलं नव्हतं, आबा. गावंढळ दिसेल म्हणून मीच लिहिलं नव्हतं.