खोकं तुझ्या पलंगावर आहे

दादा,

परसातली रानबदकीण पहाटे ओरडते, तुझी झोपमोड होते, म्हणून तू तिच्यावर पाइपानं पाणी मारलंस. ती गेली ती गेलीच. त्या धसक्यानं बुलबुल, साळुंक्याही फिरकत नाहीत. रोज सकाळी मी खिडकीतून नुसतं रिकामं परसदार बघत बसते.

तिची अंडी मी या खोक्यात दिव्याखाली उबवली. आज त्यांना तडे गेले, तू येईपर्यंत पिल्लं बाहेर येतील. मी आत्याकडे चाललेय. ही पिल्लं ज्याला पहिल्यांदा बघतात त्यालाच आई मानतात, आणि ती आई नजरेआड झाली की गळा काढतात.

चिठ्ठी मुद्दाम खोक्यात ठेवली होती. वाकून उचललीस ना? झालास आई.

आता झोप खुशाल!